होम प्लेटमागची रांग

८ ऑक्टोबर, स्कॉट्सडेल

ऑक्टोबर लागला तरी ॲरिझोनाचं ऊन हटत नाही. साडेसहाला सामना सुरू झाला तेव्हा स्टेडियमच्या खुर्च्या अजून चटका देत होत्या. बेसबॉलच्या या फॉल लीगला गर्दी नसतेच. हजारो जागांच्या मैदानात काहीशे माणसं. त्यात बरेचसे खेळाडूंचे आईवडील, काही माझ्यासारखे नेहमीचे, आणि होम प्लेटच्या बरोबर मागे, जाळीला लागून बसलेली, क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांची रांग. अंगात साधे शर्ट, डोक्यावर टोपी, मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. पिचरने हात मागे नेला की सात-आठ रडार गन एकदम वर उठतात आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये आपटला की एकदम खाली येतात. टाळी कुणी वाजवत नाही. होमरन गेला तरी नाही.

१९९२ पासून जवळजवळ दर वर्षी या दिवसांत मेजर लीगचे तीसही क्लब आपली उगवती पोरं इथे पाठवतात. संघ सहा, आणि सगळी मैदानं फिनिक्सच्या आसपास. एरवी ज्यांना बघायला देशभर वणवण करावी लागते, ते खेळाडू इथे पाच-सहा आठवडे एका जागी सापडतात. पुढे नावारूपाला आलेला माइक ट्राउट २०११ मध्ये इथल्याच संघाकडून खेळून गेला.

माझ्या शेजारी बसतात ते स्काउट सत्तरीला टेकलेत. आमची ओळख मागच्या हंगामातली. त्यांचं किंवा क्लबचं नाव कुठे लिहायचं नाही, असं त्यांनी बजावलंय, म्हणून वहीत मी त्यांना नुसतं ‘आजोबा’ म्हणते. आज एक एकोणीस वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, बॅटिंगला आला तेव्हा तीनदा स्ट्राइकआउट झाला, तिन्ही वेळा बाहेर वळत जाणाऱ्या चेंडूवर, स्लायडरवर. तिसऱ्यांदा परतताना तो डगआउटच्या पायरीवर थांबला आणि पिचरच्या पुढच्या दोन चेंडूंकडे टक लावून बघत राहिला. आजोबांनी वहीत एक ओळ लिहिली. किती गुण दिले, असं विचारलं तर म्हणाले, “पहिल्या दिवशी आकडा लिहायचा नसतो.”

११ ऑक्टोबर, मेसा

आज त्यांनी अहवालाचा कोरा नमुना दाखवला. बॅटरसाठी पाच गोष्टी: चेंडू बॅटवर घेणं, तो लांब मारणं, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. पिचरसाठी त्याचा एकेक चेंडू, म्हणजे फास्टबॉल, कर्व्ह, स्लायडर, चेंजअप, आणि वर हवं तिथे टाकण्याचा ताबा. प्रत्येक गोष्टीपुढे दोन चौकटी. एकीत आजचा आकडा, दुसरीत पुढे होईल तो.

आकडे २० ते ८० मध्येच असतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. आपल्या मनात पन्नास म्हटलं की पास-नापासाची रेघ येते, पण इथली सरासरी आहे ती जगातल्या सर्वोत्तम सुमारे आठशे बेसबॉलपटूंची. म्हणून ‘पुढे ५०’ हे शब्द ज्या पोराबद्दल लिहिले गेले, त्याच्या आईवडिलांनी पेढे वाटावेत. मोजपट्टीमागे संख्याशास्त्र आहे. दर दहा गुणांना एक प्रमाण विचलन, सरासरीच्या वर तीन आणि खाली तीन. त्यामुळे ६० मिळाला तर खेळाडू नजरेत भरतो, ७० मिळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ८० लिहिताना अनुभवी माणूसही थांबून विचार करतो.

शेजारी-शेजारी लिहिलेले ते दोन आकडे मला सगळ्यात मोलाचे वाटतात. बॅटिंग आज ३०, पुढे ५५ असं लिहायला छाती लागते. आमच्या कोकणातल्या घरी आढीतला आंबा हातात धरून हा चार दिवसांनी, तो आठ दिवसांनी असं सांगणारी माणसं होती. त्यांनाही आज तो हिरवा आहे हे नाकारावं लागत नसे. बहुतेक लोक यातली एकच बाजू बघतात. कुणी आजच्या धावांवर भाळतो, कुणी नुसत्या अंगकाठीवर. चौकटी दोन असल्या की दोन्हींचा जबाब द्यावा लागतो.

सगळ्यात खाली एकूण आकडा, तारीख आणि स्काउटचं नाव. हे अहवाल क्लब वर्षानुवर्षं जपतात. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने २०१३ मध्ये स्काउट लोकांवर खास प्रदर्शन भरवलं आणि जुने हजारो अहवाल लोकांसाठी खुले केले. कुणाचा अंदाज खरा ठरला आणि कुणाचा फसला, हे आज कुणालाही वाचता येतं. नावानिशी दिलेल्या मताला जे वजन असतं, ते कट्ट्यावरच्या मताला कुठून येणार?

१६ ऑक्टोबर, स्कॉट्सडेल

आज आजोबांनी जुनं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. बॅटचा आवाज आला की दाबायचं, बॅटरचा पाय पहिल्या बेसला लागला की पुन्हा दाबायचं. अंतर ९० फूट. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद लागले तर तो धावण्यात सरासरी, म्हणजे ५०. डावखुरा बेसच्या एक-दोन पावलं जवळ उभा असतो, म्हणून त्याला ४.२. यात दशांशाचा फरक पडला तरी खेळाडूचा वर्ग बदलतो.

पण घड्याळ हातात आलं म्हणून वेळ बरोबर आली असं नाही. एका डावखुऱ्याने ३.९ सेकंद घेतले तेव्हा मी उत्साहाने घड्याळ पुढे केलं. आजोबांनी मान हलवली. त्या पोराचा मागचा पाय चेंडू लागायच्या आतच बेसकडे निघाला होता. बॅट फिरवता फिरवता पळ काढणाऱ्याची वेळ ते धरतच नाहीत. चेंडू सरळ फील्डरच्या हातात गेल्यावर रमतगमत जाणाऱ्याचीही धरत नाहीत, फक्त तो रमतगमत गेला हे लिहून ठेवतात.

मग कॅचर. चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये आपटल्यापासून त्याने फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ बघायचा. दोन सेकंद म्हणजे सरासरी, १.९ म्हणजे उत्तम. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत यायला साधारण १.३ सेकंद लागतात. दोन्ही मिळून ३.३. पहिल्या बेसवरून सुटलेला चपळ धावपटू दुसऱ्यावर पोचायलाही जवळपास तेवढाच वेळ घेतो. बेस चोरणं हा असा तीन माणसांमधला हिशेब आहे आणि प्रेक्षकाला त्यातला फक्त धुरळा दिसतो. आज सातव्या डावात धावपटू वाचला तेव्हा माझ्या मागचे गृहस्थ कॅचरला नावं ठेवत होते. माझ्या घड्याळात कॅचरचे १.९५ होते. उशीर पिचरने केला होता, १.६.

१८ ऑक्टोबर, सरप्राइज

आज दुपारीच पोचले, सराव बघायला. सामन्याआधीच्या या सरावात प्रशिक्षक बेताच्या वेगाने चेंडू टाकतो आणि पोरं ते कुंपणापार भिरकावतात. आमचा शॉर्टस्टॉपही भिरकावत होता. सामन्यात तसं होतंच असं नाही, म्हणूनच लांब मारण्याचे आकडेही वेगळे धरतात. अंगात ताकद किती हा एक, आणि सामन्यात त्यातली उतरते किती हा दुसरा.

पाच गोष्टींपैकी चार नजरेला बऱ्याच अंशी दिसतात, घड्याळाने मोजता येतात. चेंडू बॅटवर घेणं मात्र सगळ्यांत अवघड, करायलाही आणि जोखायलाही. त्यासाठी आजोबा मधूनच उठून पहिल्या बेसच्या बाजूला जातात. उजव्या हाताचा बॅटर तिथून समोरून दिसतो. त्याचे हात कुठून निघतात, पुढचा पाय पडल्यावर डोकं स्थिर राहतं का, आणि चेंडू सोडून देताना त्याने तो नीट ओळखून सोडला की नुसता चुकून राहिला, हे तिथून कळतं. सोडलेल्या चेंडूंवर त्यांची जास्त नजर असते.

मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बास्केटबॉल सोडून बेसबॉलकडे आला होता, ते आमच्या पिढीला आठवत असेल. त्या वर्षी बर्मिंगहॅम बॅरन्सकडून त्याने ३० बेस चोरले, पण बॅटिंगची सरासरी राहिली .२०२ आणि ११४ वेळा तो स्ट्राइकआउट झाला. मग तो या फॉल लीगमध्ये खेळायला आला आणि इथे .२५२ केले. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, मेहनतीला तोड नाही, आणि तरी वळणाऱ्या चेंडूने त्याला छळलं. लोक त्या वर्षाला फजिती म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. इतक्या उशिरा सुरुवात करून काही महिन्यांत .२०२ वरून .२५२ वर येणं, हे आजोबांच्या दुसऱ्या चौकटीतलं काम आहे.

शरीर उत्तम असलं की बाकीचं येईलच, हा समज जुना आहे. बिली बीनला १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं होतं, कारण पाचही गोष्टी त्याच्या अंगात दिसत होत्या. मेजर लीगमध्ये तो टिकला नाही. पुढे ओकलंड क्लबचा महाव्यवस्थापक म्हणून त्याने रूपापेक्षा आकडेवारीला मान दिला आणि त्यावर २००३ मध्ये मायकेल लुईसचं ‘मनीबॉल’ आलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी पुण्याला फोन लावला. तिकडे रात्र, फराळाची ताटं आवरून झालेली. भावाशी बोलणं झालं आणि फोन भाच्याकडे गेला. त्याचा आवाज पडलेला. सोळा वर्षांखालच्या संघाच्या निवड चाचणीत त्याला नेटमध्ये सहा चेंडू खेळायला मिळाले. शर्टावर नंबराची चिठ्ठी, समोर खुर्चीत दोघं जण, एकाचं लक्ष फोनमध्ये. निघताना कुणीतरी म्हणालं, उंची कमी आहे.

“आत्या, तुमच्याकडे पण सहाच बॉल देतात का गं?”

मी त्याला होजे अल्तूवेची गोष्ट सांगितली. व्हेनेझुएलात माराकाय इथे ह्यूस्टन ॲस्ट्रोजची चाचणी होती. हा फार बुटका म्हणून त्याला परत पाठवलं. वडिलांनी समजावलं आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याला खेळू दिलं. २००७ मध्ये १५,००० डॉलरवर करार झाला. मेजर लीगमध्ये ही रक्कम चिल्लरच. उंची पाच फूट सहा इंच. २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

भाचा खूश झाला, पण माझं मन शांत झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत जाणारा एक अल्तूवे सापडतो, पण जे परत गेलेच नाहीत त्यांची नोंद कुठे असते? इथेही पोरं सुटतात. ट्राउट न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा. तिथला वसंत थंड, शाळेचे सामने थोडे, फारसं कुणाला तो पुरेसा बघायलाच मिळाला नाही. एंजल्सचे स्काउट ग्रेग मोरहार्ट त्याच्या वडिलांबरोबर कधीकाळी खेळलेले. त्यांनी नेटाने पाठपुरावा केला, तरी २००९ च्या निवडीत ट्राउटच्या आधी २४ नावं पुकारली गेली. माइक पियाझाला १९८८ मध्ये डॉजर्सनी ६२ व्या फेरीत घेतलं, तेही संघाचे प्रशिक्षक टॉमी लासोर्डा यांच्या शब्दाखातर, आणि २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आता निवडीच्या फेऱ्या २० च असतात.

भाच्याला दुसरी गोष्ट सांगितली ती आपलीच. २००२ मध्ये क्रिकेट बोर्डाने लहान गावांतले खेळाडू हुडकायला एक यंत्रणा उभी केली. प्रमुख होते दिलीप वेंगसरकर. तिच्यासाठी गावोगाव सामने बघणाऱ्यांपैकी प्रकाश पोद्दार यांनी २००३ मध्ये जमशेदपूरला एका झारखंडच्या यष्टिरक्षकाला पाहिलं आणि त्याचं नाव वर कळवलं. तो महेंद्रसिंग धोनी. ठरलेलं वय त्याने ओलांडलं होतं, तरी वेंगसरकरांनी ते नाव पुढे नेलं. ती यंत्रणा पुढे गुंडाळली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

२६ ऑक्टोबर

आज सामन्यांना सुट्टी. दिवसभर क्लाइड सुकफर्थ या जुन्या स्काउटबद्दल वाचत होते.

ऑगस्ट १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने त्याला शिकागोला पाठवलं. कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघाच्या शॉर्टस्टॉपची फेक बघून ये, एवढंच काम. सुकफर्थ पोचला तर तो खेळाडू खांदा दुखावून बसलेला, काही दिवस खेळणारच नव्हता. म्हणजे जी गोष्ट जोखायला गेला ती दिसणारच नव्हती. दुसरा कुणी ‘पाहता आले नाही’ असं लिहून परतला असता. सुकफर्थ त्या तरुणाशी बोलला, त्याचे प्रश्न ऐकले, आणि त्याला बरोबर घेऊन ब्रुकलिनला आला. २८ ऑगस्टला रिकीने त्या शॉर्टस्टॉपची, जॅकी रॉबिन्सनची, भेट घेतली, आणि १५ एप्रिल १९४७ ला तो डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली.

त्या शिकागो भेटीनंतर नऊ वर्षांनी हाच सुकफर्थ पिट्सबर्गसाठी रिचमंडला गेला, तो जो ब्लॅक या पिचरला बघायला. सामन्याआधीच्या सरावात मॉन्ट्रियलचा, म्हणजे डॉजर्सच्या दुय्यम संघाचा, एक पोरगा उजव्या कोपऱ्यातून चेंडू फेकताना दिसला आणि सुकफर्थची नजर तिथेच खिळली. डॉजर्सनी त्या पोराला मुद्दाम कमी खेळवून इतरांपासून झाकून ठेवलं होतं, असं म्हणतात. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्गने त्याला उचललं. रोबेर्तो क्लेमेंते, पुढे बरोबर ३,००० हिट्स. सांगितलेल्या कामापलीकडे बघणं शिकवता येतं की नाही, मला ठाऊक नाही. पण ज्याला येतं, त्याला वेळ आणि प्रवासखर्च द्यावा एवढं तर क्लबच्या हातात असतं.

एक नाव इथे लिहून ठेवते, कारण या रांगेत बायका अजूनही मोजक्याच दिसतात. १९४६ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने एडिथ हॉटन यांना स्काउट म्हणून नेमलं. दहाव्या वर्षी त्या मुलींच्या संघातून खेळायला लागल्या होत्या आणि १९२५ मध्ये त्याच संघाबरोबर जपानचा दौरा करून आल्या होत्या.

४ नोव्हेंबर, स्कॉट्सडेल

हवा आता सुखाची. आज एका पिचरने ९९ मैलांचा चेंडू टाकला, म्हणजे ताशी १५९ किलोमीटर. फलकावर आकडा झळकला आणि थोड्याशा प्रेक्षकांतही हुंकार उठला. रांग गप्प. आजोबांच्या वहीत एकच नोंद: जोर लावतो तेव्हा डोकं डावीकडे झटकतं, चेंडू उंच जातो.

रडार गन बेसबॉलमध्ये आणली मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी, १९७४ च्या सुमारास, पोलिसांचं यंत्र बघून. २०१५ पासून स्टॅटकास्ट या यंत्रणेमुळे मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर चेंडूचा वेग, फिरकी आणि बॅटवरून सुटण्याचा वेग नोंदला जातो. याचा फायदा मोठा आहे, तो मान्य करायलाच हवा. पूर्वी ‘चेंडू जिवंत आहे’ असं मोघम म्हणायचे, आता तो किती फिरतो ते कळतं, आणि दुर्लक्षित राहिलेला पिचर आकड्यांमुळे वर येतो.

पण त्याची किंमतही पोरांनीच मोजली. वेगाला बक्षीस आहे म्हटल्यावर शाळकरी पोरंही पूर्ण जोर लावून फेकायला लागली. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने स्वतःच्याच अहवालात पिचरांच्या दुखापतींमागे वेगाचा हव्यास हे मोठं कारण सांगितलं. आणि यंत्रं आली म्हणून काही क्लबनी स्काउटही कमी केले, २०२० च्या साथीत तर अनेकांना घरी बसवलं. माझ्या मते हा सरळ तोट्याचा सौदा आहे. मागच्या चेंडूचा वेग यंत्र अचूक सांगतं, पण डोकं झटकणारा हा पोरगा दोन वर्षांनी खांदा धरून बसेल का, याची काळजी कुणीतरी करावी लागते.

आमच्या शॉर्टस्टॉपने आज तसाच बाहेर जाणारा स्लायडर दोनदा सोडला. दुसऱ्यांदा सोडताना बॅट हललीही नाही. आजोबांनी बोटाने माझ्या वहीवर टकटक केलं.

८ नोव्हेंबर, मेसा

शेजारच्या एकाला मी भारतीय म्हटल्यावर ‘मिलियन डॉलर आर्म’ आठवला. २००८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन यांनी भारतात ती स्पर्धा घेतली आणि उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, तिच्यातून अमेरिकेत आले. निकष जवळजवळ एकच, वेगाने आणि नेमका फेकणारा हात. पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाउस यांनी त्यांना काही महिने शिकवलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्गने दोघांशी करार केला. ज्यांनी त्याआधी बेसबॉल हातातही धरला नव्हता, त्यांनी एका वर्षात व्यावसायिक पिचर व्हावं, हे केवढं मोठं काम! मेजर लीगपर्यंत दोघं पोचले नाहीत. रिंकूला दुखापतींनी गाठलं आणि पुढे तो कुस्तीच्या झगमगाटात गेला. एका गुणावर दार उघडतं, हे खरं. आत टिकायला बाकीचे गुण लहानपणापासून अंगी मुरावे लागतात.

१२ नोव्हेंबर, स्कॉट्सडेल

हंगाम संपत आला. आजोबा परवा निघतील, ते थेट डोमिनिकन रिपब्लिकला. तिथे जानेवारीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचे करार सुरू होतात, त्याआधी बरीच मैदानं बघायची आहेत.

आज त्यांनी शॉर्टस्टॉपचा अहवाल पुरा केला. धावणं ५५. फेक ६०. क्षेत्ररक्षण आज ४५, पुढे ५५. ताकद आज ३५, पुढे ४५. बॅटिंगच्या चौकटीपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. मग लिहिलं: आज ३०, पुढे ५०. स्वभावाच्या रकान्यात पहिल्याच दिवसाची ओळ उतरवली, तिसऱ्यांदा बाद झाल्यावर पायरीवर उभं राहून पिचरला वाचत होता. खाली तारीख, खाली नाव.

रात्री भाच्यासाठी भावाला लांबलचक संदेश लिहिला. त्यातलं शेवटचं इथेही उतरवते, कारण महाराष्ट्रातल्या मैदानांवर निवड चाचण्या घेणाऱ्या सगळ्यांनाच ते सांगायचं आहे. सहा चेंडूंवर कुठल्याही मुलाला घरी पाठवू नका. निदान तीन दिवस बघा, आणि त्यातला एक दिवस तरी तो अपयशी ठरलेला असू द्या. आज काय येतं आणि दोन वर्षांनी काय येईल, हे वेगवेगळं लिहा. खाली तारीख आणि स्वतःचं नाव घाला. आणि घेतलं नाही त्या मुलाचा कागद आधी जपून ठेवा, पुढच्या वर्षी तो पुन्हा आला तर तोच काढून बघा.